मनगटावर थांबलेलं चित्र

केनवडात जाऊन चंपतचं घर विचारलंत तर अर्धं गाव तुमच्या तोंडाकडे बघत राहील. मुक्याचं घर विचारा, कुणीही तुम्हाला नाल्याकाठच्या भाजीच्या वाडीपर्यंत आणून सोडेल. जन्मल्यापासून त्याला ऐकू येत नाही, आणि ऐकू येत नाही म्हणून बोलता येत नाही, एवढी साधी गोष्ट. पण गावाला त्याचं न बोलणंच तेवढं जाणवलं, म्हणून नाव पडलं मुका. पोरीच्या लग्नाची पत्रिका छापायच्या वेळी भावकीतल्याच एकानं विचारलं होतं, की याचं खरं नाव काय हाये गा?

आणि मुका तरी कसला डोंबलाचा! हा माणूस दिवसभर बडबडतो, फक्त हातांनी. सरपंच म्हणजे मिशीला दिलेला पीळ, शाळेचे गुरुजी म्हणजे नाकावरून घसरलेला चष्मा, शेजारीण म्हणजे कमरेवर ठेवलेले दोन्ही हात. बाजारात भाजी विकताना तो गिऱ्हाइकाची अशी हुबेहूब नक्कल करायचा, की बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. हसायच्या, मेथीची जुडी पिशवीत टाकायच्या आणि चालू लागायच्या. त्याला उलट उत्तर कुणी दिलं नाही, कारण कुणाला ते देताच येत नव्हतं. भाव बोटांवर कळला की लोकांचं काम भागत होतं.

घरात तरी काय वेगळं होतं? बायको रुपाबाई जेवण, आंघोळ, पाहुणे आले, गाय सुटली, एवढ्यापुरते हात शिकली आणि तेवढ्यावर तिनं संसार ओढला. बाई वाईट नाही. पण सकाळपासून हात शेणात, पिठात नि तणात असले की बोलायला मोकळे राहणार कधी? मुलगा देवमन लहानपणी बापाशी बरंच बोलायचा. मिसरूड फुटलं तशी त्याला चारचौघांत हातवारे करायची लाज वाटायला लागली. मग तो काही सांगायचं असलं की बापाच्या खांद्याला धक्का देऊन नुसतं बोट दाखवायचा.

राहिली योगिनी. ही पोरगी तोंडानं बोलायच्या आधी हातांनी बोलली. लहानपणी तिला बारमाही सर्दी, म्हणून चंपतनं तिचं नाव ठेवलं होतं चिमटीत धरलेलं नाक. बाजाराच्या दिवशी दोघं एका बारदान्यावर बसायची आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडावर त्याचीच टिंगल करायची. कुणाला पत्ता लागायचा नाही. कधी कधी योगिनीला हसू आवरायचं नाही, मग चंपत तिला डोळे वटारून दाखवायचा आणि स्वतःच तिच्याआधी फुटायचा. या माणसाला सगळ्या जगात बोलायला एकच माणूस होतं, आणि ते ही पोरगी.

त्यांची बोली त्यांनीच घडवलेली. तिच्यात हात कुठं ठेवला एवढ्यानं भागायचं नाही, तो हलवला कसा हे बघावं लागायचं. कपाळावर हात नुसता ठेवला तर ताप, कपाळावरून घाम पुसल्यासारखा ओढला तर ऊन फार झालं. मनगट धरलं तर बांगडी. तेच मनगट धरून स्वतःला पुढं ओढलं तर, मला घरी घेऊन चल. लहानपणी बाजारात कंटाळली की योगिनी असं आपलंच मनगट ओढत उभी राहायची, आणि चंपत अर्धी भाजी शिल्लक असली तरी दुकान आवरायचा.

पुढं योगिनीला किन्हीराजाचं स्थळ आलं. मुलगा हर्षल पुण्याकडे कंपनीत, त्याची आई गोजराबाई त्याच्याजवळच राहायला. नोकरी आहे, गावाकडे वावर आहे, आणखी काय पाहिजे, म्हणून लग्न उरकून टाकलं. निघताना योगिनीनं बापाला देवमनच्या खिशातला फोन काढून दाखवला, आपलं नाक चिमटीत धरलं आणि फोनच्या काचेवर बोट ठेवलं. मी याच्यात भेटीन. चंपतला ते काही पटलं नाही. फोन ही कानवाल्यांची चीज, आपला तिच्याशी काय संबंध, असंच तो समजून होता. पण पहिल्यांदा त्या काचेत पोरगी हलताना दिसली, दोन्ही हातांनी सासरच्या नळाची, शेजारणीची, लोकांनी भरलेल्या रस्त्याची गोष्ट सांगताना दिसली, तेव्हा हा बाबा फोन छातीशी धरून साऱ्या आळीत फिरून आला. ज्याला त्याला थांबवून दाखवत होता, की बघा, माझी पोरगी बोलते.

आता केनवडच्या नेटचं काय सांगावं? टॉवर गावाच्या त्या टोकाला, चंपतचं घर या टोकाला, आणि मधल्या साऱ्या गावानं रील बघायला सुरुवात केली की नाल्याकडे उरलं-सुरलं तेवढं यायचं. पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर चढून बसलं तर मात्र चित्र झकास. म्हणून सुरुवातीला देवमन संध्याकाळी बापाला तिथं न्यायचा. वर बाप आणि काचेतली लेक हात चालवायची आणि देवमन खालच्या पायरीवर जांभया द्यायचा.

पण रुपाबाईच्या गुडघ्यांना टाकी चढवत नव्हती. तीही आईच होती. नवऱ्यानं रोज लेकीला भेटून यावं आणि आपण चुलीपाशी बसून विचारावं, काय म्हणे? तर तो हातानं इतकं काही सांगायचा की तिला त्यातलं चिमूटभर कळायचं. एक दिवस ती देवमनवर उखडली. मी का तिची सावत्र माय हावो, म्हणाली. तिचंही खोटं नव्हतं. तेव्हापासून फोन घरच्या ओसरीवर लागायला लागला.

ओसरीवर आवाज आणि चित्र दोन्ही सुखानं येतील एवढं नेट कुठलं! आवाज तुटायचा, चित्र तुटायचं, रुपाबाई हॅलो हॅलो करून घसा बसवायची. मग देवमननं फोनमध्ये बोटं घालून कॉलला नेट कमी वापरायचं बटण शोधून काढलं आणि चालू करून ठेवलं. झालं, आवाज खणखणीत! चित्र तेवढं एका जागी गोठून बसायचं, नाहीतर अजिबातच जायचं आणि काळ्या पडद्यावर योगिनीच्या नावाचं पहिलं अक्षर उरायचं. या फोनची जातच तशी आहे. नेट अपुरं पडलं की तो पहिल्यांदा चित्राचा बळी देतो आणि आवाज वाचवतो. कुठल्या शहाण्यानं हे ठरवलं देव जाणे, त्याच्या घरात बहिरं माणूस नसणार. आणि चंपतच्या घरात होतं, तिथं तरी काय झालं? ऐकणारे दोघं, बघणारा एक. दोघांची सोय झाली. चंपतला कुणी विचारलं नाही.

त्याची समजूत वेगळीच होती. चित्र थांबलं की तो तळहातावर गाल टेकून दाखवायचा, की पोरगी झोपली. मग खांद्यावरच्या उपरण्यानं काच पुसायचा, फोनला हलक्या टिचक्या मारायचा, थांबायचा. टॉवरची माणसं गावात आली तेव्हा त्यानं एकाला हाताला धरून अक्षरशः ओढत घरी आणलं आणि फोन पुढं केला. त्या माणसानं फोन लावून पाहिला, हॅलो म्हटलं, पलीकडून उत्तर आलं. आवाज येते ना काकू, मंग नेट बरोबर हाये, असं रुपाबाईला सांगून तो गाडीला किक मारून गेला. रुपाबाईनं नवऱ्याला हातानं सांगितलं, सगळं ठीक आहे.

आता तिकडचं ऐका. हर्षलचा हात सुटलेला होता. भाजीत मीठ जास्त झालं, हात. दार उघडायला उशीर झाला, हात. गोजराबाई बघायची आणि पोळ्या लाटत राहायची. माहेरचा फोन आला की मात्र ती योगिनीला खेटून बसायची आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवायला लावायची. मग योगिनी तोंडानं म्हणायची, की मी मजेत हावो आई, सगळे जीव लावतात. आणि त्याच वेळी तिचे हात बापाला खरं सांगत असायचे, कुठं मारलं, कशानं मारलं, काय काय बोलले. गोजराबाईला वाटायचं, मुक्या बापाला तेच हातानं सांगते बिचारी.

तोंड सासूसाठी होतं आणि हात बापासाठी. त्यातलं तोंड केनवडला रोज नीट पोचत होतं. रुपाबाई पोट भरून ऐकायची आणि शेजारणींना सांगायची, की माही पोट्टी राज करून राह्यली. हात मात्र ओसरीवर येऊन त्या काचेत मरत होते. वर रुपाबाई चंपतला कोपरानं ढोसायची, की तिले तू दिसतं, हास जरासा, पोरीले बरं वाटते. ढोसणं त्याला कळायचं. समोर काळा पडदा असला तरी तो त्या अक्षराकडे बघून हसायचा, मान हलवायचा. त्याचं हसणं तुकड्यातुकड्यानं का होईना, पण तिकडे पोचत होतं.

योगिनीला शंका आली नसेल असं नाही. एकदा तिनं सासूच्या देखत विचारलं, की दादा, बाबाले दिसून राह्यलं ना? चित्र चालू ठेवजो. देवमनच्या कानात दुसऱ्या फोनवरची मॅच चालू होती.

"दिसून राह्यलं, दिसून राह्यलं," तो म्हणाला.

अरे, मान वर करून बापासमोरचा पडदा बघायला काय जात होतं तुझं! बटण त्यानं स्वतःच्या हातानं दाबलं होतं. ते बंद केलं असतं तर आवाज तुटला असता, आईनं कटकट केली असती, एवढंच. पण माणसाला आपल्या कानाची सोय झाली की दुसऱ्याच्या डोळ्याचं काही वाटत नाही.

मग तो दिवस आला. गोजराबाई नेमकी शेजारी गेली होती आणि हर्षल आतल्या खोलीत झोपला होता. योगिनीनं घाईघाईनं फोन लावला. तोंडानं बोलायची सोय नव्हतीच, पातळ भिंतीपलीकडे नवरा. तिनं फक्त हात वर केले. इकडे ओसरीवर चित्र गचके खात आलं. आधी चेहरा आला, मग चेहरा गेला आणि नुसता खांदा राहिला, मग डाव्या मनगटावर उजव्या हाताची पकड आली, आणि तिथंच ते थांबलं. तिकडे ती जीव खाऊन ते मनगट ओढत होती. इकडे ते हललंच नाही.

चंपतनं बघितलं. मनगट धरलेलं आहे. बांगडी.

लग्नाला वर्ष होत आलेली लेक बापाकडे बांगड्या मागते. आता याचा अर्थ कुठल्याही घरात जो लावतील तोच त्यानं लावला. हिरवा चुडा, भरलेली ओटी, नातवंड! त्यानं मांडीवर थाप मारली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि फोनपुढं दोन्ही हात नाचवून सांगितलं, की हो, हो, समजलं मला, तू काळजी करू नको, लवकर, अगदी लवकर. आणि मेलं एवढंच चित्र योगिनीला अख्खं दिसलं.

रुपाबाईला त्यानं हाताला धरून चुलीपासून उठवलं आणि पोटाचा आकार करून दाखवला. तिनं दुसऱ्या दिवशी लेकीला फोनवर विचारलं, काही गोड बातमी हाये का वं? योगिनी नाही म्हणाली. सासू जवळ असन, लाजली असन, असं रुपाबाईनं ठरवलं. चंपत तर ऐकण्यापलीकडे गेला होता. तो बाबूलालच्या बांगड्यांच्या दुकानात जाऊन बसला, बोटांचं कडं करून लेकीचं माप दाखवलं, प्रत्येक बांगडी उजेडात धरून पारखली. त्याच्या आनंदानं बाबूलालही हसायला लागला. बांगड्या कापसात गुंडाळून डब्यात भरल्या आणि पुण्याच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे सोपवल्या. गाडी फाट्यावरून वळेपर्यंत तो रस्त्यात उभा होता.

तिकडे योगिनीनं पिशवी भरून ठेवली होती. बाप हो म्हणाला होता. दाराची कडी वाजली की ती पिशवीकडे धावायची. आणि एक दिवस हर्षल तो डबा घेऊन आला. गोजराबाईनं झाकण काढून बघितलं आणि म्हणाली, तुह्या बापाले नातवाची भलतीच घाई झाली दिसते.

त्यानंतर योगिनीचे हात बंद झाले. फोन यायचा, आवाज यायचा, मजेत हावो आई, आणि एखाद्या वेळी नशिबानं चित्र आलंच तर चंपतला तिचे हात मांडीत पडलेले दिसायचे. तो नाक चिमटीत धरून तिला हाक मारायचा. ती बाजूला बघायची. त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं. बाजारात त्यानं नकला करायच्या सोडल्या, बाया म्हणायला लागल्या, की मुक्याले काय झालं वं? एकदा भर दुपारी त्यानं देवमनचा फोन उचलला आणि एकटाच टाकीवर चढला. तिचा फोटो कुठं दाबायचा एवढं त्याला बघून बघून माहीत होतं. फोन लागला आणि कितीतरी महिन्यांनी पोरगी त्याला पुरती दिसली, चेहरा, खांदे, हात, सगळं. काय चुकलं माझं, त्यानं विचारलं. ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. हात उचलला नाही. मग तिनं फोन कापला. तो पायरीवर बसून राहिला, कुणी बोलवायला आलं तेव्हा उतरला.

शेवटी तिकडच्या एका शेजारणीनंच मन घट्ट करून योगिनीला ट्रॅव्हल्समध्ये बसवून दिलं. सकाळी ती फाट्यावर उतरली आणि पायी चालत आली. चंपत वांग्यांना पाणी देत होता. बांधावरून पोरगी येताना दिसली, तसा फावडं टाकून पळत सुटला. जवळ आल्यावर तिच्या डोळ्याखालचा डाग बघितला आणि जागीच थांबला. चिखलाचे हात धोतराला पुसले, पुन्हा पुसले, आणि विचारायला लागला. कुणी मारलं, कधी, एकटी कशी आलीस, मला सांगितलं का नाहीस.

हे शेवटचं बघून तिचा चेहरा कसा झाला ते सांगवत नाही. तिनं दोन्ही हात ओढणीत गुंडाळून घेतले आणि त्याच्या बाजूनं घरात निघून गेली.

आत गेल्यावर तिनं आईला सगळं सांगितलं. तोंडानं सांगितलं. देवमन तिथंच भिंतीला टेकून उभा होता. चंपत मागून येऊन दारात थांबला आणि सगळ्यांच्या तोंडांकडे बघत राहिला.

"मी बाबाले किती खेपा म्हटलं का मले मारतात," योगिनी म्हणाली. "ते हासत होते, आई. मंग म्हटलं मले घेऊन जा, त हो म्हटलं त्यायनं. नाचून नाचून हो म्हटलं. मी पिशवी भरून बसली होती. आन् बाबानं बांगड्या पाठवल्या."

रुपाबाईनं देवमनकडे बघितलं. देवमननं हातातल्या फोनकडे बघितलं. दोघांनाही त्याच घटकेला समजून चुकलं. एकच वाक्य बोलायचं होतं, की बाबाला दिसतच नव्हतं, चित्र आम्ही बंद ठेवलं होतं. एवढं वाक्य पडलं असतं तर पोरगी उठून दाराशी गेली असती आणि बापाच्या गळ्यात पडली असती. देवमनच्या तोंडून ते फुटलं नाही. रुपाबाईच्या जिभेवर आलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण हास म्हणून ढोसणारं कोपर तिचं होतं, आणि बटण दाबणारा हात पोराचा होता, ज्याच्या जवळ तिला म्हातारपण काढायचं होतं. तिनं लेकीला जवळ घेतलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"जाऊ दे वं माय," ती म्हणाली. "तुह्या बापाले कवा काय समजलं? मुकं माणूस ते."

योगिनीनं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि डोळे मिटून घेतले.

चंपतला पोरीचं तोंड चालताना दिसलं होतं, मग बायकोचं. घरात शिरायचं त्याला धाडस होत नव्हतं. त्यानं दारातूनच रुपाबाईकडे हात केला, काय म्हणते? रुपाबाईनं त्याच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. पोटावर हात ठेवला आणि बोटं तोंडाकडे नेली, भूक लागली म्हणते.

त्याचा जीव भांड्यात पडला. साऱ्या रस्त्यानं उपाशी आली असेल, डोकं फिरणारच पोरीचं. जेवली की बोलेल. त्यानं मान डोलावली, कोपऱ्यातली टोपली उचलली आणि वाडीत जाऊन तिच्या आवडीची कोवळी वांगी तोडायला बसला.